माफी नको, फेरफार करा

तालुका कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. तिथं येणाऱ्यांत मेलेल्या माणसांची कामं घेऊन येणारेच जास्त. आज्याचं नाव सातबाऱ्यावरून कमी करायचं, बापाच्या नावात 'गोविंदा'चं 'गोंदा' झालं ते दुरुस्त करायचं, चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आत्याचा हक्क सोडल्याचा कागद शोधायचा. जिवंत माणसाला वकील परवडत नाही. मेलेल्यासाठी मात्र लोक कपाशी विकून येतात.

दोनेक वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर असाच एक गृहस्थ आला. पन्नाशीचा, डोक्याला दुपट्टा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. सातबाऱ्यावर त्याच्या आज्याचं नाव आणि खाली आज्याच्या धाकट्या भावाचं. भाऊ जाऊन जमाना झाला, नाव तसंच.

"वकीलसाब, हे खालचं नाव काढा लागते. बँकवाला म्हनते, पीककर्जाले सगळ्यायच्या सह्या आना. आता मेलेला मानूस सही करन का?"

मी वंशावळ पाहिली. तिच्यात हा भाऊ नव्हताच. पणजोबाला एकच मुलगा दाखवलेला.

"याचं नाव काऊन नाही टाकलं?"

"तो जेलात गेला होता ना."

"कशापायी?"

"बैल चोरला म्हनत. लहानपनापासून आमी तेच ऐकलं." मग त्यानं इकडं-तिकडं पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढली. "आजी मरायच्या आधी बोलली. बैल-गिल काही नोयता. दुसऱ्या गावच्या मानसासंगं सापडला होता. दोघायलेबी पोलिसात देल्लं."

एवढंच. पुढं तो बोलला नाही, मीही खोदून विचारलं नाही. जेलातून सुटून आल्यावर तो माणूस घरात राहिला नाही, वावरातल्या कोठ्यात बैलांजवळ राहिला आणि तिथंच मेला, हे मात्र कळलं. बैलचोर म्हणून ज्याचं नाव झालं, त्याच्या भरवशावर घरचे बैल वर्षानुवर्षं राहिले.

मला त्या घराच्या अकलेचं राहून राहून नवल वाटतं. त्यांना लेकरांना सांगायला एक गुन्हा हवा होता. त्यांनी चोरी निवडली. चोरीचं बोट दाखवता येतं, चोरी केलेल्याच्या पुतणीचं लग्न अडत नाही, फार तर चारचौघांत हसू होतं. खऱ्या गोष्टीला नावच नव्हतं. होतं ते फक्त भारतीय दंड संहितेतलं एक कलम, ३७७. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोग केला तर जन्मठेप, नाहीतर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आता मुद्द्याकडे येतो. ज्यांना अशा कायद्याखाली शिक्षा झाली आणि जे आता हयात नाहीत, त्यांना मरणोत्तर माफी द्यावी का? हा प्रश्न आपल्याकडं फारसा कुणी विचारलेला नाही. बाहेर तो विचारला गेला आणि त्याची उत्तरंही निघाली. अॅलन ट्युरिंग हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणारा, संगणकशास्त्राचा पाया घालणारा इंग्रज गणिती. त्याचे वडील मद्रास इलाख्यात इंग्रज सरकारच्या सनदी चाकरीत होते. १९५२ साली एका पुरुषाशी असलेल्या संबंधांवरून त्याला दोषी ठरवलं. जेल की हार्मोनची इंजेक्शनं, असा पर्याय दिला. त्यानं इंजेक्शनं घेतली. १९५४ मध्ये तो मेला, वय ४१. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी २००९ मध्ये सरकारतर्फे दिलगिरी व्यक्त केली, २०१३ च्या डिसेंबरात राणीनं माफी दिली. मग लोक विचारू लागले, की ट्युरिंग हुशार होता म्हणून त्याला माफी, आणि त्याच कलमाखाली गेलेल्या गवंड्याला, खलाशाला, शिपायाला काय? २०१७ मध्ये इंग्लंड आणि वेल्सपुरता कायदा झाला, त्यात मेलेल्यांना एकगठ्ठा माफी मिळाली. त्यांची संख्या सुमारे ४९,००० असावी, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. हयात माणसांना मात्र आधी अर्ज करावा लागणार होता. स्कॉटलंडनं २०१८ मध्ये हयात-मयत हा भेद ठेवला नाही.

या सगळ्यात मला जवळचा वाटला तो जॉर्ज मॉन्टेग्यू नावाचा म्हातारा. १९७४ मध्ये शिक्षा झालेला. माफीचा कायदा आला तेव्हा नव्वदी ओलांडलेला. तो म्हणाला, मला तुमची माफी नको. माफी घेतली म्हणजे मी गुन्हा केला होता असं कबूल केल्यासारखं होतं. मला सरकारनं झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितलेली हवी.

इंग्लंडातल्या या म्हाताऱ्याचं म्हणणं विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. आपण त्या शब्दाशी तीस-चाळीस वर्षं भांडलो आहोत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा दिली, आणि त्याच विचारातून कर्जमाफी हा शब्दच नाकारला गेला. माफी कशाची? शेतमालाचे भाव पाडले ते सरकारच्या धोरणानं, कर्ज चढलं ते त्यामुळं, आणि आता माफ करणारं तेच सरकार? म्हणून 'कर्जमुक्ती' म्हणा. वरवर हा शब्दांचा कीस वाटायचा. पण २०१७ साली आलेल्या योजनेला सगळे कर्जमाफी म्हणत होते आणि २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या योजनेच्या नावातच सरकारनं 'कर्जमुक्ती' लिहिलं. पैशाचा हिशेब तोच, पण दोषाची बाजू बदलते. कोण कुणापुढं हात जोडून उभा आहे, ते बदलतं.

मरणोत्तर माफीलाही माझी हीच हरकत आहे. मेलेल्या माणसाला सरकारनं माफ करायचं म्हणजे त्याला एकदा पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि वरून म्हणायचं, जा, सोडला.

आपल्या राज्यघटनेत माफीचा रस्ता आहे. कलम ७२ प्रमाणं राष्ट्रपती, कलम १६१ प्रमाणं राज्यपाल. पण त्या रस्त्यावर काय मिळतं ते नीट पाहा. केहर सिंग खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की राष्ट्रपती माफी देतात तेव्हा न्यायालयाचा निकाल बदलत नाहीत, ती वेगळ्याच पातळीवरची सत्ता आहे. सोप्या भाषेत, शिक्षा जाते, निकाल राहतो. आता जो माणूस शिक्षा भोगून, कोठ्यात म्हातारा होऊन मेला, त्याची कोणती शिक्षा जाणार? त्याच्यापाशी उरलेला आहे तो निकालच. जे पुसायला हवं, नेमकं तेच या माफीनं पुसलं जात नाही.

जर्मनीनं हे ओळखलं. पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं तिथलं कलम १७५ कुप्रसिद्ध होतं. हिटलरच्या राज्यात ते आणखी कडक झालं आणि पश्चिम जर्मनीनं ते तसंच पुढं चालवलं. १९६९ पर्यंत सुमारे ५०,००० पुरुषांना त्याखाली शिक्षा झाल्या. २०१७ मध्ये जर्मन संसदेनं कायदा केला आणि युद्धानंतरच्या त्या शिक्षाच रद्द केल्या. माफ केल्या नाहीत, रद्द केल्या. हयात असलेल्यांना दर शिक्षेमागं ३,००० युरो आणि तुरुंगातल्या प्रत्येक सुरू झालेल्या वर्षामागं १,५०० युरो भरपाई. रक्कम फार नाही, पण हिशेब चुकला तो सरकारचा, ही कबुली त्यात आहे. कॅनडानंही २०१८ मध्ये अशा शिक्षांची नोंदच नष्ट करण्याचा कायदा केला, आणि मेलेल्याच्या वतीनं नातेवाईक अर्ज करू शकतात, अशी सोय ठेवली.

याला आपल्याकडं चपखल शब्द आहे. महसूल कायद्याचं कलम १५५. सातबाऱ्यावर लेखनप्रमादानं चूक झाली असेल तर तहसीलदार ती दुरुस्त करतो. अर्जदाराला तहसीलदार माफ करत नाही. 'चूक झाली होती, ती दुरुस्त केली' एवढाच फेरफार होतो, त्याला नंबर पडतो, आणि शंभर वर्षांनी कुणी जुनी फेरफार वही काढली तरी त्याला कळतं की चूक कागदाची होती. मला हव्या त्या कायद्याचं स्वरूप हे असं आहे.

आता लोक म्हणतील, भारतात हे कशाला? आपल्याकडं असे खटले झालेच किती? सर्वोच्च न्यायालयानंच डिसेंबर २०१३ मध्ये ३७७ कायम ठेवताना कौशल प्रकरणात म्हटलं होतं, की दीडशेहून जास्त वर्षांत दोनशेपेक्षा कमी लोकांवर या कलमाखाली खटले चालले, आणि समलिंगी लोक म्हणजे लोकसंख्येचा अगदी नगण्य भाग. वकील म्हणून सांगतो, तो आकडा छापील निकालांचा आहे. उच्च न्यायालयापर्यंत गेलेला, कायद्याच्या मासिकात छापून आलेला निकाल. तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यासमोर 'गुन्हा कबूल' म्हणून अंगठा लावून जेलात गेलेला माणूस कुठल्या मासिकात येतो? त्याच्यामागं अपील करायला कोण उभं राहतं? आणि खटल्यापर्यंत न पोचलेली प्रकरणं तर कुणीच मोजत नाही. ठाण्यात नेलं, घड्याळ-पैसे काढून घेतले, 'बापाला बोलावू का?' म्हटलं आणि सोडलं. अशा माणसाला शिक्षा झालेली नसते, म्हणून माफीही लागू होत नाही. पण त्याचं गाव सुटलेलं असतं.

त्या गृहस्थासाठी मी निकालाची नक्कल काढायचा प्रयत्न केला. खरं म्हणजे फेरफाराला तिची गरज नव्हती, मलाच चैन पडेना. अर्ज दिला, महिनाभरानं उत्तर आलं: अभिलेख मुदतीनंतर नष्ट करण्यात आलेला आहे. त्यात त्या कचेरीचा दोष नाही. जुने फौजदारी कागद नियमानुसार ठरावीक वर्षांनी नष्ट होतात, रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात बांधलेले बस्ते कायमचे ठेवता येत नाहीत. आणि हे प्रकरण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचं. तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, वर नागपूरचं उच्च न्यायालय. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. ज्या सरकारच्या शिपायानं त्या दोघांना धरलं, ते सरकार आता भोपाळात बसतं. माफी मागायची तर कुणी? भोपाळनं, मुंबईनं, की दिल्लीनं?

म्हणून एकेक फाईल काढून तपासत बसण्याची पद्धत आपल्याकडं चालणार नाही. फाईलच नाही. कायद्यानंच सरसकट जाहीर करावं लागेल.

पण 'सरसकट' म्हटलं की एक खरी अडचण समोर येते, आणि तिच्यावरून घाईनं जाणाऱ्यांशी माझं पटत नाही. ३७७ हे फक्त दोन राजीखुशीच्या माणसांवर वापरलं गेलेलं कलम नव्हतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ मध्ये लागू झाला. त्याआधी एखाद्या पोराला कुणी नासवलं तर पोलिसांच्या हाती बहुतेक वेळा हेच कलम असे. छापील निकाल वाचले तर त्यातले पुष्कळसे लहान मुलांवरच्या अत्याचाराचेच आहेत. अशा माणसांचं नाव स्वच्छ करायचं मला कारण दिसत नाही. मरून त्यांचा गुन्हा छोटा होत नाही.

मग वेगळं कसं करायचं? गंमत अशी की या कलमाला संमतीशी घेणंदेणंच नव्हतं. राजीखुशीनं केलं तरी गुन्हा, जबरदस्तीनं केलं तरी तोच गुन्हा, शिक्षा तीच. जे विचारायचंच नव्हतं ते निकालात लिहिणार कोण? कायद्यानं बळी आणि जोडीदार यांच्यातला फरकच पुसून टाकला होता, आणि आज आपण म्हणतो, फरक दाखवा. इंग्लंडच्या कायद्यातही अट आहेच, की समोरच्याची संमती होती आणि तो निदान सोळा वर्षांचा होता. आपल्याला एक खूण सापडू शकते. जिथं दोघंही आरोपी होते, दोघांनाही शिक्षा झाली, तिथं एकानं दुसऱ्यावर जबरदस्ती केली असं खुद्द सरकारही म्हणत नव्हतं. आमच्या प्रकरणात आजीचे शब्द होते, 'दोघायलेबी'. अशांपासून सुरुवात करता येईल. बाकीच्यांसाठी कायद्यात व्याख्या असावी: सज्ञान व्यक्तींमधली, संमतीची, आज गुन्हा नसलेली कृती. फाईल असेल तर तपासा. नसेल तर जाहीरनामा पुरे. ज्याचं त्यात बसतं त्याच्या घरच्यांना कळेल.

जाता जाता सांगतो, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ हे कलमच नाही. राजीखुशीच्या भागाला सर्वोच्च न्यायालयानं आधीच बाद केलं होतं. पण सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला तर लावायचा भागही त्याबरोबर गेला. तो वेगळ्या लेखाचा विषय.

राजीखुशीचा भाग बाद करणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं, की या समाजाच्या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासानं क्षमा मागायला हवी. शतकानुशतकं त्यांनी जी मानहानी आणि बहिष्कार सोसला, त्यावर इलाज करायला उशीर झाला म्हणून. हे वाक्य देशभर छापून आलं. त्याच न्यायमूर्तींनी निकालपत्राच्या शेवटी लिहिलेलं दुसरं वाक्य फार कुणी छापलं नाही. ते असं, की या निर्णयामुळं संपलेले खटले पुन्हा उघडले जाणार नाहीत. चालू असलेल्या प्रकरणांत मात्र त्याचा आधार घेता येईल. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नाझ फाउंडेशन प्रकरणात हा भाग पहिल्यांदा बाद केला, तेव्हाही हेच म्हटलं होतं.

का म्हटलं, हे वकिलाला समजतं. न्यायालयानं हजारो जुनी प्रकरणं स्वतःहून उघडली तर कामच ठप्प होईल. पण 'इतिहासानं क्षमा मागावी' हे मला पटत नाही. इतिहासाला हात नसतात. त्या दोघांना धरलं ते शिपायाच्या हातांनी, शिक्षा लिहिली ती दंडाधिकाऱ्याच्या हातानं, कुलूप लावलं ते जेलरच्या. इतिहासाला पुढं केलं की सरकार त्याच्या आड लपतं.

घटनेच्या कलम १३ मध्ये लिहिलं आहे, की जुने कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तेवढ्यापुरते घटना लागू होताच शून्यवत होतात. ३७७ विसंगत आहे हे न्यायालयाला २०१८ मध्ये दिसलं. पण विसंगती २०१८ मध्ये जन्मली नाही. ती २६ जानेवारी १९५० पासून होती. म्हणजे त्या तारखेनंतर संमतीच्या संबंधांसाठी जेलात गेलेला प्रत्येक माणूस अशा कलमाखाली गेला, जे त्याच्यापुरतं कागदावरून आधीच उतरलेलं होतं. संसदेनं एवढंच सरळ लिहून द्यायचं आहे.

हे इंग्रजांचं पाप, आपण का निस्तरायचं, असंही म्हणणारे भेटतात. कलम इंग्रजांचं होतं हे खरं. मेकॉलेच्या आयोगाचा मसुदा १८३७ चा, दंड संहिता १८६० ची, लागू झाली १ जानेवारी १८६२ ला. पंतप्रधान थेरेसा मे यांनी एप्रिल २०१८ मध्ये लंडनच्या राष्ट्रकुल परिषदेत वसाहतींमध्ये लादलेल्या अशा कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला. पण त्यांच्या माफीच्या कायद्यात आपला बैलचोर येत नाही. आणि इंग्लंडनं स्वतःचा कायदा १९६७ मध्ये निदान अर्धामुर्धा काढला. आपण तो आणखी ५१ वर्षं जपला. १९४७ नंतरची ७१ वर्षं आपल्या खात्यावर आहेत.

माझं आजोळ भंडाऱ्याकडचं. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर खडी गंमत चालायची. डफ, तुणतुणं, आणि मधोमध लुगडं नेसून, पावडर थापून नाचणारा नाच्या. गावातले म्हातारे त्याच्यावर जीव ओवाळून टाकत. सकाळी तोच नाच्या धानाच्या बांधावर विळा घेऊन दिसे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वकिली शिकताना मी १८८४ चा खैराती नावाच्या माणसाचा निकाल वाचला तेव्हा मला तो नाच्या आठवला. मुरादाबादकडचा हा खैराती. बाईच्या वेशात एका घरच्या बायकांमध्ये बसून गात होता, म्हणून पोलिसांनी पाळत ठेवून धरला, वैद्यकीय तपासणी केली, आणि सत्र न्यायालयानं ३७७ खाली दोषी ठरवला. कृत्य कधी केलं, कुठं केलं, कुणाशी केलं, काहीच सांगता येईना. शेवटी अलाहाबाद उच्च न्यायालयानं सोडला, पण सोडतानाही मुरादाबादच्या अधिकाऱ्यांचा हेतू चांगला होता अशी पाठ थोपटली. त्या प्रांतात तेव्हा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये तृतीयपंथीयांच्या नोंदवह्या ठेवल्या जात. बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला तरी वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद.

याच कायद्याचा उरलेला भाग आपल्या ओळखीचा आहे. त्यात जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या यादीतून बाहेर काढल्या, म्हणून 'विमुक्त'. त्या वेळी सरकारनं कायदा काढून टाकला, क्षमा मात्र मागितली नाही. परिणाम काय झाला ते आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारा. मोटरपंप चोरीला गेला की पहिली गाडी आजही बेड्याकडं वळते. कायद्याच्या पुस्तकातून खोडलेलं गावाच्या आणि ठाण्याच्या डोक्यातून खोडलं जात नाही. त्यासाठी कुणीतरी मोठ्या आवाजात 'आम्ही चुकलो' म्हणावं लागतं. मला मरणोत्तर कायद्यापेक्षा त्यासोबतचा हा आवाज जास्त महत्त्वाचा वाटतो.

तो आवाज नागपुरात उठावा. नागपूर करारामुळं विधिमंडळाचं एक अधिवेशन दर वर्षी इथं होतं. पोलीस आणि तुरुंग हे घटनेनं राज्याकडं दिलेले विषय. ३७७ काढायला दिल्ली लागली, पण धरणारे आणि डांबणारे हात राज्याचे होते. हिवाळी अधिवेशनात मोर्चे येतात, धान-कापसाच्या भावावरून सभागृह तहकूब होतं, ते व्हायलाच हवं. त्यातला अर्धा तास एका ठरावासाठी काढा. सभागृहानं उभं राहून म्हणावं, की या भूमीत सज्ञान माणसांना त्यांच्या राजीखुशीच्या प्रेमासाठी जेलात टाकलं, ते चूक होतं, सरकार त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची क्षमा मागतं, आणि संसदेनं त्या शिक्षा रद्द कराव्यात. खर्चाचा प्रश्न नाही. पुरवणी मागणी लागत नाही.

आणखी एक दुरुस्ती हवी. अपील चालू असताना आरोपी मेला तर जवळच्या नातेवाइकाला तीस दिवसांत परवानगी मागून ते पुढं चालवता येतं. नाव धुऊन काढायची आपल्या फौजदारी कायद्यातली ही एवढीच खिडकी. जवळचा नातेवाईक म्हणजे कोण? आई-बाप, नवरा-बायको, वंशज, भाऊ-बहीण. आमचा गृहस्थ भावाचा नातू, तो यात बसत नाही. दुसऱ्या गावचा तो माणूस तर कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालानंतर समलिंगी विवाहाला मान्यता नसल्यानं आजही बसणार नाही. ज्यांच्यासाठी कायदा करायचा, त्यांना वारस नसणार हे उघड आहे. म्हणून अर्जाचा हक्क पुतण्याला, नातवाला, जोडीदाराला, नाहीतर गावातल्या कुणालाही असला पाहिजे.

राहिला तो सगळ्यात जुना आक्षेप. आमच्या बार रूममध्ये हा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "जाऊ दे ना बावा. मेल्यावर त्याले काय घेनं-देनं?" हेच गृहस्थ अखजीला सकाळी पाच वाजता उठून पितरांच्या नावानं घागर भरतात, पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी आणि पन्हं ठेवतात, आणि कावळा शिवला नाही तर दुपारपर्यंत जेवत नाहीत. मी त्यांना हे ऐकवलं नाही, ते मला वडिलांसारखे आहेत. पण मेलेल्यांना घेणंदेणं नसतं असं आपण मानत असतो तर माझं टेबल कधीच उठलं असतं. बहिष्कृताला पितरांत जागा नसते, खरं भांडण तिथं आहे. त्याच्या नावाची घागर कुणी भरत नाही.

आमचं प्रकरण शेवटी मार्गी लागलं. वंशावळ नव्यानं केली, प्रतिज्ञापत्र दिलं, पणजोबाला दोन मुलगे दाखवले. धाकट्यापुढं 'मयत, निपुत्रिक' लिहिलं. तलाठ्यानं विचारलं, याचं नाव पहिल्या वेळी कसं राहिलं? गृहस्थ म्हणाला, "राहून गेलं, साहेब." नोटीस लागली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार प्रमाणित केला. पीककर्ज मिळालं तोवर पेरणी झालेली होती.

मागच्या हिवाळ्यात तो पुन्हा आला. तूर विकायला आला होता, पिशवीभर ओल्या हरभऱ्याचे घाटे टेबलावर ठेवले. थोडं इकडचं-तिकडचं बोलून म्हणाला, "पोरगी बारावीले आहे. वंशावळीवरचं नाव वाचलं तिनं. विचारते, हा कोन? बैलाचंच सांगू का आता खरं सांगू?"

मी म्हटलं, "आधी तो बैल परत करा."